घरगुती चित्रफितींचे दप्तर

इतिहासाची साधने म्हटली, की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि मोडी कागदांचे रुमाल आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. घरातल्या कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली लग्नामुंजीची व्हिडिओ कॅसेट हेही इतिहासाचे साधन आहे, असे कोणी म्हटले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. परंतु श्रोतेहो, आज मला नेमके तेच सांगायचे आहे. साधारणपणे १९८५ ते २००५ या वीस वर्षांत आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतली माणसे प्रथमच चालताना, बोलताना, हसताना नोंदली गेली. ही नोंद ज्या चुंबकीय फितीवर झाली तिचे आयुष्य फार नाही. ती फीत वाचणारी यंत्रे तर त्याहून वेगाने नाहीशी होत आहेत. कॅमकॉर्डरमधले चित्रण घरच्या संगणकात उतरवून घेण्याची सोय कशी निर्माण झाली, ती थोडीच वर्षे सुलभ का राहिली आणि आज ती हातातून का निसटत आहे, याची हकिकत सांगावी असा विचार आहे.

आधी थोडे मागे जाऊ या. चालत्या चित्रांची आपल्याकडची सुरुवातच मुळी हरवलेल्या चित्रांनी झालेली आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती कॅमेऱ्याने टिपली. पुढे १९०१ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून सीनियर रँग्लरचा मान मिळवून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचा सोहळाही सावे दादांनी चित्रित केला. म्हणजे पाहा, एका मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाचे कौतुक चालत्या चित्रात साठवले, आणि तेही विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर! ही चित्रे आज आपल्याला पाहायला मिळत नाहीत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची संपूर्ण प्रतही उरलेली नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले खरे, पण तोवर बरेच काही गेलेले होते. आणि जे मिळाले त्यातलाही नायट्रेट फिल्मांचा मोठा साठा जानेवारी २००३ च्या आगीत भस्मसात झाला. जिथे धंदेवाईक चित्रपटांची ही गत, तिथे घरगुती चित्रणाची कथा काय सांगावी?

घरगुती चित्रण ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने १९३२ मध्ये आठ मिलिमीटर रुंदीची फिल्म काढली, १९६५ मध्ये ‘सुपर एट’ काढली. पण सुपर एटच्या ५० फुटी रिळात सेकंदाला १८ चित्रे या गतीने अवघी तीन मिनिटे वीस सेकंद मावत. रीळ धुवायला पाठवायचे, ते परत यायची वाट पाहायची, मग प्रोजेक्टर लावून भिंतीवर पाहायचे. हा शौक श्रीमंतांचा. सर्वसामान्य मराठी घरात आजीचा एखादा फोटो असायचा, तोही स्टुडिओत, पाठीमागे रंगवलेला पडदा, आणि आजी अशी ताठ बसलेली की श्वास रोखून धरला असावा. तिचा आवाज कसा होता, ती पदर कसा सावरी, रागावली म्हणजे कशी पाही, हे त्या फोटोवरून कळायला मार्ग नाही.

हा अडसर दूर केला चुंबकीय फितीने. फ्रिट्झ फ्लॉयमर या गृहस्थांनी १९२८ मध्ये जर्मनीत कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण बसवून तिच्यावर ध्वनी नोंदण्याची युक्ती काढली, आणि १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ हे ध्वनिमुद्रण यंत्र लोकांपुढे आले. नभोवाणीच्या धंद्याला या फितीने पुढे किती हात दिला, हे मी नभोवाणीवरूनच सांगण्याची गरज नाही. मात्र ध्वनी नोंदणे आणि चित्र नोंदणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपने ऐकू येतात. दूरचित्रवाणीच्या चित्रासाठी मात्र सेकंदाला लक्षावधी चढउतार नोंदावे लागतात. मग फीत हेडपुढून वाऱ्यासारखी पळवायला हवी. बीबीसीने १९५८ मध्ये दाखवलेल्या ‘व्हेरा’ नावाच्या यंत्रात फीत सेकंदाला सुमारे २०० इंच पळे. एवढ्या वेगाने पळणारी फीत पुरवायची तरी किती?

अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीच्या मंडळींनी ही अडचण वेगळ्या बाजूने सोडवली. चार्ल्स गिन्सबर्ग हे त्या चमूचे प्रमुख, आणि पुढे ध्वनितंत्रासाठी प्रसिद्धीला आलेले रे डॉल्बी हे त्यातले एक तरुण सभासद. त्यांनी दोन इंच रुंदीची फीत सेकंदाला पंधरा इंच अशी संथच ठेवली आणि चार हेड बसवलेले चाक मिनिटाला १४,४०० फेऱ्यांनी तिच्यावरून फिरवले. फीत पळण्याऐवजी हेड पळू लागले. एप्रिल १९५६ मध्ये शिकागोला या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले, आणि ३० नोव्हेंबर १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या बातम्या फितीवर घेऊन तीन तासांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दाखवण्यात आल्या. यंत्राची किंमत सुमारे ५०,००० डॉलर. फीतही महाग.

फीत महाग, म्हणून तिच्यावरचे पुसायचे आणि पुन्हा वापरायची. शाळेच्या पाटीसारखा हा व्यवहार. या काटकसरीपायी दूरचित्रवाणीच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांतले कितीतरी कार्यक्रम जगभर पुसले गेले, बीबीसीचेही गेले. सर्वांत मासलेवाईक उदाहरण चांद्रमोहिमेचे. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्या वेळी चंद्रावरून आलेले मूळ संकेत ज्या फितींवर नोंदले होते त्या फिती बहुधा पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे अमेरिकेच्या नासा या संस्थेने २००९ मध्ये जाहीर केले. सुदैवाने दूरचित्रवाणी केंद्रांनी त्या प्रक्षेपणाच्या प्रती जपल्या होत्या. त्यांवरून ते चित्र पुन्हा उजळ करण्यात आले. मूळ गेले, नकलेने लाज राखली. इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवीन काही नाही. आपल्या अनेक जुन्या ग्रंथांचे कर्त्याच्या हातचे मूळ आज कोठे आहे? नकला आहेत म्हणून ते ग्रंथ आहेत.

आता ही फीत घरात कशी आली ते पाहू. फिरत्या ढोलाभोवती फीत तिरकी गुंडाळली, तर प्रत्येक चित्राचा माग फितीवर तिरप्या रेघेसारखा उमटतो आणि अरुंद फितीवरही बराच मजकूर मावतो. या युक्तीवर सोनी कंपनीचे बीटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये बाजारात आले. व्हीएचएसची फीत फक्त अर्धा इंच रुंद. १९८३ मध्ये सोनीने कॅमेरा आणि मुद्रणयंत्र एकाच पेटीत बसवून ‘बीटामूव्ही’ विकायला काढला. हा घरगुती वापराचा पहिला कॅमकॉर्डर. गंमत अशी, की त्यात चित्र घेता येई, पण घेतलेले चित्र त्याच यंत्रावर पाहता येत नसे. १९८४ मध्ये जेव्हीसीचा लहान कॅसेटचा कॅमकॉर्डर आला, १९८५ मध्ये आठ मिलिमीटरच्या फितीचा ‘व्हिडिओ एट’ आला, आणि त्यातूनच ‘हँडीकॅम’ हे नाव निघाले. ते आपल्याकडे इतके रुळले, की कोणत्याही कंपनीचा लहान कॅमेरा हँडीकॅमच झाला. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे.

आपल्या देशात दूरचित्रवाणी दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि रंगीत झाली १९८२ मध्ये. रंगीत संचाच्या मागोमाग व्हिडिओ घरात आला. आखातात किंवा अमेरिकेत गेलेला मुलगा, जावई सुट्टीवर येताना कॅमेरा घेऊन येऊ लागला. लग्नघरांत फोटोग्राफरच्या जोडीला व्हिडिओवाला आला. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, मागे प्रखर दिवा धरून उभा असलेला पोरगा, आणि वायर पायात येते म्हणून ओरडणारे वधूपिते. हे चित्र चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे असेल.

तुम्ही म्हणाल, लग्नाच्या कॅसेटीत इतिहास कसला? तेच हार, तेच अंतरपाट, तीच जेवणावळ. पण जरा बारकाईने बघा. पंगतीत पाने केळीची आहेत की पत्रावळी, की टेबले मांडलेली आहेत. वाढपी घरचे आहेत की कंत्राटदाराचे. नऊवारी नेसलेल्या किती आणि पाचवारी नेसलेल्या किती. उखाणा घेताना नवरी कोणत्या बोलीत बोलते. मानपानावरून रुसलेली आत्या कोणत्या कोपऱ्यात बसली आहे. वऱ्हाड रस्त्यावरून जाताना पाठीमागे गिरणीची चिमणी दिसते, जिथे आज उंच इमारत उभी आहे. व्हिडिओवाल्याने या गोष्टी मुद्दाम टिपलेल्या नसतात. त्या आपसूक येतात, आणि म्हणूनच त्यांवर विश्वास ठेवता येतो. पेशव्यांच्या दप्तरातल्या जमाखर्चाच्या कागदावरून आपण त्या काळचे जेवणखाण शोधतो. तो कागद लिहिणाऱ्या कारकुनाला आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती. या कॅसेटींची जात तीच.

एवढे झाल्यावर प्रश्न येतो नकलेचा. व्हीएचएसच्या कॅसेटीवरून दुसरी कॅसेट काढली, की चित्र जरा फिके पडते. दुसरीवरून तिसरी काढली, की कडा पुसट होतात, तांबडा रंग बाजूला वाहू लागतो. चौथ्या प्रतीत नवरा-नवरी भुतासारखी दिसतात! पोथ्यांच्या अभ्यासकांना हा प्रकार पूर्ण ओळखीचा आहे. एका लेखकाने एक अक्षर चुकवले, दुसऱ्याने ते चूक तसेच उतरून वर स्वतःची एक भर घातली, अशाने पाठभेद वाढत जातात. शके १२१२ ची ज्ञानेश्वरी. तिच्यात तीनशे वर्षांत इतके पाठभेद शिरले, की एकनाथमहाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, अनेक प्रती पुढे घेऊन ती शुद्ध करावी लागली. जुन्या व्हिडिओ फितीला मात्र कोणी एकनाथ भेटणे शक्य नव्हते, कारण एका लग्नाची मूळ प्रत एकच. तिच्यावरून जे उतरले तेवढेच खरे.

संगणकाने या बाबतीत मोठी क्रांती केली. चित्राचे आकडे केले, की नक्कल म्हणजे आकड्यांची नक्कल. हजारावी प्रतही पहिलीसारखीच. पण चित्राचे आकडे करणे म्हणजे भात्यातून हवा काढण्याइतके सोपे नव्हते. दूरचित्रवाणीच्या चित्राचे आकडे कसे करावेत याचा आंतरराष्ट्रीय नियम १९८२ मध्ये ठरला. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे. आकड्यांत मांडलेल्या प्रत्येक चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. हिशेब केला तर सेकंदाला दोन कोटींहून अधिक बाइट भरतात. १९९१ च्या सुमारास घरच्या संगणकाची तबकडी ८० मेगाबाइटची असली तर ती भाग्याची गोष्ट समजत, आणि ती या हिशेबाने चार सेकंदांत भरून गेली असती. त्याच वर्षी ॲपल कंपनीने संगणकावर चालते चित्र दाखवणारी ‘क्विकटाइम’ ही प्रणाली काढली, तेव्हा ते चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसे. लोक तेवढ्यावरही खूश होते. व्हीएचएसचे चित्र संगणकात घ्यायचे तर वेगळे कार्ड बसवायचे, पिवळी, पांढरी आणि तांबडी अशा तीन पिना जोडायच्या, आणि प्रार्थना करायची, अशी ती स्थिती होती.

गाडी रुळावर आली ती १९९५ मध्ये. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. पहिली, ‘डीव्ही’ जातीचे कॅमकॉर्डर बाजारात आले. यांत फीत होतीच, पाव इंच रुंदीची, काड्यापेटीहून थोड्या मोठ्या कॅसेटीत. पण तिच्यावर चित्र आकड्यांतच लिहिले जाई. चित्राचा मजकूर कॅमेरा स्वतःच सुमारे एक-पंचमांशावर आणी. दुसरी गोष्ट, ‘आयईईई १३९४’ या क्रमांकाचे जोडणीचे प्रमाण ठरले. ॲपलने त्याला ‘फायरवायर’ म्हटले, सोनीने ‘आय-लिंक’. नावे दोन, तार एकच. या एका तारेतून चित्र जाई, ध्वनी जाई, आणि संगणकाचा हुकूमही जाई: कॅसेट मागे घे, थांब, चालू कर. कॅमेऱ्याच्या बटणाला हात न लावता कॅमेरा संगणकाचे ऐकू लागला. मुख्य म्हणजे फितीवर जे आकडे होते तेच संगणकात उतरत. वाटेत पुन्हा रंग फिका पडणे नाही, नवे पाठभेद नाहीत.

ऑक्टोबर १९९९ मध्ये ॲपलने ‘आयमॅक डीव्ही’ हा घरगुती संगणक याच कामासाठी काढला, आणि सोबत चित्रण जुळवण्याची ‘आयमूव्ही’ ही सोपी प्रणाली दिली. विंडोज वापरणाऱ्यांना अशीच ‘मूव्ही मेकर’ ही सोय २००० साली मिळाली. आता खरी गंमत पाहा. डीव्हीच्या एका तासाच्या कॅसेटीला संगणकात सुमारे १३ गिगाबाइट जागा लागे, आणि त्या पहिल्या आयमॅक डीव्हीची साधी तबकडीच १० गिगाबाइटची! म्हणजे एक बारसे उतरवायला घेतले तर संगणकाचे पोट फुटायची वेळ. विंडोजच्या जुन्या पद्धतीने आखलेल्या तबकडीवर एका फाइलला चार गिगाबाइटची मर्यादा असे, त्यामुळे सुमारे वीस मिनिटांनी फाइल पुढे वाढेना. मंगलाष्टके ऐन रंगात आलेली आणि मुद्रण बंद. पुष्कळांनी कॅमेऱ्याबरोबर मिळालेली यूएसबीची तार लावली. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती केवळ स्थिरचित्रांसाठी किंवा हलक्या प्रतीच्या चित्रासाठी असे. चित्र अंधूक आले, की लोक कॅमेऱ्याला दोष देत. खरे चित्र फायरवायरच्या तारेतूनच मिळायचे.

या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डीव्ही असो वा व्हीएचएस, कॅसेट संगणकात उतरवायला कॅसेटीइतकाच वेळ लागतो. तासाच्या चित्रणाला तास. फाइल जशी क्षणात इकडची तिकडे जाते तसे इथे होत नाही. फीत हेडपुढून आपल्या गतीनेच जाते. तंत्रज्ञांना हा दोष वाटला. घरच्या मंडळींना मात्र त्यामुळे बसून ते चित्रण पुन्हा पाहावे लागले. आणि ते पाहताना घरातले एखादे वडीलधारे माणूस सहज बोलून जाते: हा बघा तुमच्या आजोबांचा मावसभाऊ, हा पुढे गोदीत नोकरीला लागला; या काकू, यांच्या घरी आम्ही शिकायला राहिलो होतो. ही माहिती फितीवर नाही. ती त्या वडीलधाऱ्या माणसाजवळ आहे. माझ्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, की नाव नसलेला फोटो म्हणजे शिक्का नसलेला कागद. कॅसेट चालू असताना वही घेऊन बसा. किती मिनिटांनी कोण दिसतो, त्याचे नाते काय, गाव कोणते, साल कोणते, हे लिहून काढा.

सालाची गोष्टही मजेदार आहे. डीव्हीच्या फितीवर चित्राबरोबर तारीख आणि वेळ आपोआप लिहिली जाते, आणि फायरवायरने उतरवले तर तीही चित्रासोबत येते. इतिहासकाराला यापरते सुख नाही. प्रत्येक क्षणाला मिती! पण कॅमेऱ्याचे घड्याळ लावलेलेच नसेल, तर सारी लग्ने, बारशी आणि सहली एक जानेवारीला, मध्यरात्रीच्या सुमारास घडलेल्या दिसतात. आमच्या मोडी पत्रांत चंद्राची तारीख असते, महिना असतो, पण वर्ष लिहिलेले नसते. मग आतल्या मजकुरावरून वर्ष ठरवावे लागते. इथेही तेच करायचे. पाठीमागच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे, रस्त्यावरचे सिनेमाचे पोस्टर पाहावे, आणि मांडीवरचे मूल आज किती वर्षांचे आहे ते मोजावे.

मध्यंतरी एक वेगळेच प्रकरण झाले, ते सांगितले पाहिजे. दोन हजार सालाच्या आसपास गावोगावच्या स्टुडिओंतून कॅसेटीची ‘सीडी करून’ देण्याची लाट आली. ही सीडी म्हणजे बहुधा व्हीसीडी, १९९३ च्या प्रमाणावरची. तिच्यातले चित्र आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपक्यांचे, म्हणजे डीव्हीच्या चित्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही थोडे कमी. सीडी झाली, आता या अवजड कॅसेटी कशाला, म्हणून कितीतरी घरांतून मूळ कॅसेटी रद्दीत गेल्या. सारांश हाती राहिला आणि ग्रंथ गेला. यातून एकच धडा घ्यायचा: नक्कल कितीही चांगली वाटो, मूळ फीत टाकू नये. उद्या तिच्यावरून अधिक चांगली प्रत काढता येण्याचा संभव असतो.

पण उद्या म्हणजे किती दिवस? इथेच खरी काळजी आहे. २००६ च्या सुमारास फितीऐवजी तबकडीवर आणि स्मृतिपत्रावर मुद्रण करणारे कॅमेरे पुढे आले, आणि त्यानंतर काही वर्षांतच खिशातल्या फोनने कॅमकॉर्डरलाच निवृत्त केले. बीटामॅक्सच्या कॅसेटी सोनीने मार्च २०१६ मध्ये बंद केल्या. व्हीएचएसची यंत्रे बनवणारी फुनाई ही जपानी कंपनी उरली होती, तिनेही जुलै २०१६ मध्ये ते काम थांबवले. नव्या संगणकांतून फायरवायरची खाच २०१२ नंतर दिसेनाशी झाली, आणि २०२५ मध्ये आलेल्या ॲपलच्या प्रणालीतून या तारेचा आधारही काढून टाकण्यात आला. युनेस्कोच्या कार्यक्रमाने आणि ध्वनिचित्र संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये जगभरच्या संग्रहालयांना सावध केले होते, की २०२५ च्या सुमारास फिती वाचणारी यंत्रे नियमितपणे मिळणे बंद होईल. ते साल आता मागे पडले आहे. घरातल्या फितींना तर संग्रहालयाचा आसराही नाही.

फीत स्वतःही झिजते. लोहकण प्लॅस्टिकच्या पट्टीला ज्या लुकणाने चिकटवलेले असतात ते हवेतला ओलावा पिते आणि चिकट होते. मग फीत हेडला धरते, कण सुटून येतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कॅसेटीवर पांढरी बुरशी चढते, ती वेगळीच. अशी बुरशीची कॅसेट तशीच यंत्रात घालू नये. फीतही जाते आणि हेडही जाते, शिवाय पुढच्या चांगल्या कॅसेटीला तीच बुरशी लागते. जाणकाराकडून ती आधी साफ करून घ्यावी. कॅसेटी कोरड्या, थंड जागी उभ्या ठेवाव्यात, लाऊडस्पीकरसारख्या चुंबक असलेल्या वस्तूंपासून दूर. व्हीएचएसच्या कॅसेटीच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून ठेवावा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. उतरवताना आधी सर्वांत जुन्या आणि ज्यांतली माणसे आज हयात नाहीत अशा कॅसेटी घ्याव्यात. घरचा जुना कॅमकॉर्डर चालत असेल तर तो विकू नये. आज त्याची किंमत त्याच्यात अडकलेल्या फितींइतकी आहे. आणि संगणकात उतरले म्हणजे काम झाले असे मानू नये. तबकड्याही मरतात. निदान तीन प्रती कराव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी, दुसऱ्या गावी ठेवावी, आणि दर काही वर्षांनी नव्या तबकडीवर उतरून घ्यावी. जुन्या मठांतून पोथ्या टिकल्या त्या याच रीतीने. एक प्रत पाण्यात गेली तरी दुसऱ्या गावची शाबूत राही.

शेवटी एका थोर माणसाची आठवण काढतो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत तो पल्ला नेला. गावोगाव पायपीट करून त्यांनी लोकांच्या माळ्यावरची, तळघरातली दप्तरे बाहेर काढली. कुठे ती उंदरांनी कुरतडली होती, कुठे वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला गेली होती. पुण्यात १९१० मध्ये त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले ते या कामाला घर मिळावे म्हणून. राजवाड्यांच्या काळी मोडी वाचणारी माणसे घरोघर होती. कागद मात्र नष्ट होत होते. आज या फितींच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. फीत कपाटात असली तरी ती वाचणारे यंत्र मिळत नाही, आणि यंत्र मिळाले तरी चित्रातली माणसे ओळखणारे डोळे घरात राहिलेले नसतात.

या कॅसेटी शोधत कोणी राजवाडे आपल्या दारी येतील, असे समजण्यात अर्थ नाही. हे दप्तर ज्याचे त्यानेच वाचवायचे आहे. काम अवघड नाही, पण वेळखाऊ आहे, आणि नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत बसवून करण्यासारखे आहे. तेव्हा येत्या सुट्टीत वरच्या फळीवरून त्या कॅसेटी खाली काढा. पहिल्या दिवशी नुसती यादी केलीत तरी चालेल: कॅसेट कोणत्या जातीची, तिच्यावर काय लिहिले आहे, ती कोणी घेतली, आणि तिच्यात कोण आहे असे घरच्यांना आठवते.